पाण्याचं बिल आणि पडद्यावरचं पंपघर

पाण्याचं बिल वाढलंय, हे तुम्ही पाहिलंच असेल. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२५ ते २०३० या पाच वर्षांसाठी ऑफवॉटने १०४ अब्ज पौंडांच्या खर्चाला मंजुरी दिली आहे. एवढी कामं वेळेत उरकायची, तर प्रत्येक पंपघर कोऱ्या कागदापासून आखून कसं भागेल?

इथे ‘बिम’, म्हणजे बांधकामाचं डिजिटल मॉडेल, कामी येतं. पंप, व्हॉल्व्ह, चेंबर हे भाग संगणकात तयार असतात. नियम नीट बसवले असतील, तर पाइपाचा व्यास बदलताच चेंबरचं माप आणि काँक्रीटचा हिशोबही बदलतो. पाइप सळईला आडवा येत असेल, तर ते खड्डा खणण्याआधीच पडद्यावर दिसतं.

पण जमिनीखालची जुनी लाइन कुणी मोजलीच नसेल, तर मॉडेलला ती कशी कळणार? व्हॉल्व्हवर पाना फिरवायला जागा पुरेल का, हे तिथल्या कामगारालाच विचारायला हवं. वाचलेला वेळ याच कामी लागावा. पैसे आपले आहेत. तुमच्या भागात असं काम निघालं, तर हे दोन प्रश्न जरूर विचारा. भेटूया पुढच्या भागात!