उत्पादन, बेकारी आणि आपल्या वस्तीतील कुलपे



उत्पादन वाढले की बेकारी घटते, असे आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. आर्थर ओकन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९६२ साली आपल्या देशाचे आकडे तपासले. बेकारी एक टक्क्याने वाढली की राष्ट्रीय उत्पादन सुमारे तीन टक्क्यांनी कमी भरते, असे त्यांना आढळले. तेथे काम सुटलेला कामगार दुसरे काम मिळेपर्यंत काही काळ भत्त्यावर राहू शकतो. म्हणून हे दोन आकडे बरोबरीने हलतात.

आपल्या धाराशिव जिल्ह्यात काय घडते? पाऊस दगा देतो, सोयाबीन जाते, तूर जाते, उत्पादन कोसळते. परंतु बेकारीचा आकडा त्या मानाने वाढत नाही. कारण गरिबाला बेकार बसणे परवडत नाही. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. वस्तीत दारांना कुलपे दिसतात. नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरला जातो. सरकारी पाहणीच्या साप्ताहिक मोजणीत तर आठवड्यात एक तास काम केलेला माणूसही रोजगारात गणला जातो. मग बेकार म्हणून उरतो कोण? बहुधा आईबापांनी पोटाला चिमटा घेऊन शिकवलेला, नोकरीच्या शोधात असलेला तरुण. भारत, बांगलादेश, इंडोनेशिया अशा देशांत शेती आणि किरकोळ स्वयंरोजगारावर फार मोठा वर्ग जगतो, म्हणून तेथे ओकन यांचे सूत्र सैल पडते.

ही छुपी बेकारी डॉ. बाबासाहेबांनी फार पूर्वी ओळखली होती. १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींवरील आपल्या निबंधात त्यांनी दाखवून दिले की, शेतीवर गरजेपेक्षा जास्त माणसे आहेत. रिकामे हात काही निर्माण करीत नाहीत, पण पोट तर भरावेच लागते. यावर त्यांनी औद्योगिकीकरणाचा उपाय सांगितला.

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने रोजगार हमीची कामे काढली आणि १९७७ मध्ये त्याचा कायदा केला. रिकाम्या हातांनी पाझर तलाव, बांध, रस्ते उभे केले. उत्पादन वाढण्याची वाट न पाहता आधी काम दिले, तर त्या कामातूनच उत्पादन वाढू शकते, हा त्याचा धडा आहे.

विद्यार्थी मित्रहो, आपण आपल्या वस्तीत घरोघर जाऊन दोनच प्रश्न विचारू या : गेल्या वर्षी किती दिवस काम मिळाले आणि मजुरी किती पडली? उत्तरे वहीत उतरवू या. सरकारी आकड्यात जे कुलूप दिसत नाही, ते आपल्या वहीत दिसेल. ती वही हाती असली, तर कामाची मागणी करताना आपल्याला कोणी गप्प करू शकणार नाही.

जय भीम!