मंचरचा कांदा आणि ढाक्याशी मैत्री

(जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



नाणेघाटाच्या माथ्यावर एक दगडी रांजण आहे. कल्याण बंदरातून घाट चढून जुन्नरकडे येणाऱ्या व्यापाऱ्यांची जकात त्यात पडत असे, असे परंपरा सांगते. जुन्नरच्या लेण्यांत यवन दात्यांचे शिलालेख आहेत. परदेशाशी व्यापार या मुलखाला दोन हजार वर्षांपासून ठाऊक आहे. फरक एवढाच की, त्या काळी जकात देणाऱ्याला रांजण निदान दिसत तरी होता. १९ ऑगस्ट २०२३ रोजी कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क बसले, तेव्हा बराखीपुढे उभ्या असलेल्या शेतकऱ्याला ते कोणी, कोणाला विचारून बसविले, हे सांगणारा कोणी नव्हता.

परराष्ट्रनीती हा दिल्लीतल्या मंत्र्या-सचिवांचा विषय, मंचरच्या मार्केट यार्डाचा नव्हे, असा समज कार्यकर्त्यांतही आढळतो. तो चुकीचा आहे. भारतीय कांद्याच्या मोठ्या गिऱ्हाइकांत बांगलादेश वर्षानुवर्षे अग्रभागी राहिला आहे. ढाक्याशी दिल्लीचे संबंध कसे आहेत, यावर ओतूर-आळेफाट्याला दहा किलोस काय भाव निघेल हे पुष्कळ वेळा ठरते. आणि उलटही तितकेच खरे आहे: ओतूरच्या कांद्याचे दिल्लीत काय केले जाते, यावर ढाक्याचे मन ठरते.

या मैत्रीची सुरुवात मोठी होती. १९७१ साली सुमारे एक कोट निर्वासित भारतात आले. जयप्रकाशजी जगातल्या राजधान्यांत फिरून बांगलादेशाची बाजू मांडत होते. १९ मार्च १९७२ रोजी ढाक्यात इंदिरा गांधी व शेख मुजिबुर रहमान यांनी २५ वर्षांचा मैत्री करार केला. एकमेकांविरुद्धच्या लष्करी गटात सामील व्हायचे नाही, अशी ग्वाही त्यात होती. १९९७ मध्ये त्याची मुदत संपली आणि कोणीही तो पुन्हा केला नाही. १९७४ चा सीमा करार प्रत्यक्षात यायला २०१५ साल उजाडावे लागले. तोवर भारताचे १११ आणि बांगलादेशाचे ५१ भूभाग एकमेकांच्या पोटात अडकून होते, आणि तिथली माणसे कोणत्याच देशाची नव्हती. डॉ. लोहियांनी उपखंडाच्या महासंघाची कल्पना मांडली तेव्हा ती स्वप्नाळू ठरविण्यात आली. महासंघ राहो, शेजाऱ्याला वेळेवर कांदा देण्याइतकाही विश्वास पुढच्या राज्यकर्त्यांना टिकविता आला नाही.

२९ सप्टेंबर २०१९ रोजी भारताने कांद्याची निर्यात एकाएकी बंद केली. त्यानंतर अवघ्या काही दिवसांत शेख हसीना दिल्लीत आल्या, आणि आपण आचाऱ्याला स्वयंपाकात कांदा घालू नको असे सांगितले आहे, असे त्या जाहीर सभेत हसत म्हणाल्या. पूर्वसूचना तरी द्यावी, एवढीच त्यांची विनंती होती. सभागृहातही हशा पिकला. पण ढाक्यात कोणी हसत नव्हते. त्यांना पाकिस्तान, तुर्कस्तान, इजिप्त येथून विमानाने कांदा आणावा लागला. सप्टेंबर २०२० मध्ये पुन्हा बंदी आली, तीही सूचनेविना. डिसेंबर २०२२ मध्ये बांगलादेशाच्या वाणिज्यमंत्र्यांनी दिल्लीत येऊन तांदूळ, गहू, साखर, कांदा अशा जिनसांचा वार्षिक कोटा ठरवून देण्याची मागणी केली. पुढच्याच डिसेंबरात तिसरी बंदी आली, आणि ढाक्यातला भाव एका रात्रीत भडकला.

ही तिसरी बंदी इथल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने नीट समजून घेण्यासारखी आहे. डिसेंबरात बाजारात येतो तो लाल कांदा. तो टिकत नाही, काढला की विकावाच लागतो. त्याच सुमारास जुन्नर-आंबेगावात उन्हाळी कांद्याची लागवड चालू असते. रोपे, खत आणि मजुरी यांवर पैसा घालण्याची हीच वेळ. म्हणजे हातातल्या पिकाचा भाव पडला आणि पुढच्या पिकाचा खर्च डोक्यावर, अशा पेचात शेतकरी सापडला. २७ डिसेंबर २०२३ रोजी शिवनेरीपासून पुण्याकडे मोर्चा निघाला तो यामुळे. बंदी ३१ मार्चपर्यंत म्हणून सांगितली होती. ती वाढली आणि ४ मे २०२४ ला उठली, तीही टनाला ५५० डॉलरची किमान किंमत व ४० टक्के शुल्क ठेवून. तोपर्यंत उन्हाळी कांदा निघून महिना झाला होता. ज्याच्याकडे बराख आहे त्याने तो साठविला. ज्याच्याकडे नाही, त्या अल्पभूधारकाने केव्हाच विकून टाकला होता.

येथे स्वपक्षीयांनाही एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ‘निर्यात खुली करा’ एवढीच घोषणा पुरेशी नाही. दिवाळीच्या सुमारास भाव चढतो तेव्हा लहान शेतकऱ्याचा माल बहुधा व्यापाऱ्याच्या ताब्यात गेलेला असतो. शिवाय मुंबईच्या झोपडपट्टीतल्या कामगारालाही कांदा लागतो, आणि ढाक्याच्या रिक्षावाल्यालाही. या तिघांना एकमेकांविरुद्ध उभे करण्यातच सरकारची सोय आहे.

मग दुसरा मार्ग आहे का? आहे, आणि तो दिल्लीला माहीतही आहे. मालदीवशी १९८१ साली झालेल्या व्यापार कराराखाली त्या देशाला जीवनावश्यक वस्तूंचा वार्षिक कोटा मिळतो. एप्रिल २०२४ मध्ये भारतीय सैनिक परत पाठविण्यावरून मालदीवशी संबंध ताणलेले होते, देशात कांदा निर्यातबंदी चालू होती, तरीही मालदीवचा त्या वर्षीचा कांद्याचा कोटा मंजूर झाला. छोट्या बेटांना जे लेखी मिळते, ते ४०९६ किलोमीटर सीमा लागून असलेल्या शेजाऱ्याला मात्र मर्जीने मिळते. १ मार्च २०२४ च्या आदेशाने बांगलादेशाला ५०,००० टन कांदा देण्यात आला तो असाच, अपवाद म्हणून. तो एका राष्ट्रीय सहकारी निर्यात संस्थेमार्फत गेला. नाव सहकाराचे, पण भाव ठरविताना शेतकऱ्याला कोणी बोलावल्याचे ऐकिवात नाही.

तीस्तेच्या पाण्याचा करार २०११ मध्ये पश्चिम बंगालच्या विरोधामुळे अडला. तो विरोध योग्य होता की नव्हे, हा वेगळा प्रश्न. पण त्या राज्याला विचारावे तरी लागले. कांद्याच्या बाबतीत महाराष्ट्राला कोणी विचारले नाही, आणि महाराष्ट्र सरकारनेही विचारा असे ठणकावून सांगितले नाही.

बेभरवशाच्या व्यापाराची परिणती काय होते ते आता दिसत आहे. ऑगस्ट २०२४ मधील ढाक्याच्या सत्तांतरानंतर अविश्वास उघडा पडला. एप्रिल २०२५ मध्ये भारताने बांगलादेशी मालाला आपल्या बंदर-विमानतळांतून तिसऱ्या देशात जाण्याची दिलेली सवलत काढून घेतली. बांगलादेशाने भूमार्गाने येणारे भारतीय सूत बंद केले. मे महिन्यात भारताने तिथले तयार कपडे खुष्कीच्या नाक्यांवर अडविले. कांद्याचे आयात परवानेही ढाक्याने त्या वर्षी बराच काळ रोखून धरले. भारतात शुल्क १ एप्रिल २०२५ पासून शून्य झाले होते, पण तोवर गिऱ्हाईक स्वतःचा कांदा पिकवू लागले होते. सुरक्षेच्या गप्पा मारणाऱ्यांनी सिलिगुडीच्या चिंचोळ्या पट्टीचा नकाशा जरूर पाहावा. परंतु ती पट्टी केवळ रणगाड्यांनी सुरक्षित राहत नाही, पलीकडच्या माणसाला अलीकडच्याचा भरवसा वाटावा लागतो.

आंबेगावातल्या महाळुंगे पडवळचा बाबू गेनू १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाच्या मोटारीखाली गेला. त्याचे नाव घेऊन आज कोणी ढाक्याच्या कपड्यावर बहिष्कार घालावा म्हणेल, तर त्याने बाबू गेनू वाचला नाही. तो गिरणी कामगार होता. त्याचा लढा साम्राज्याच्या मालाशी होता, शिवणयंत्रावर वाकलेल्या दुसऱ्या गरीब मजुराशी नव्हता. ढाक्याच्या कारखान्यांत विदर्भाच्या कापसाचे सूत जात आले आहे, हेही विसरता येणार नाही.

योगायोग असा की, गंगेच्या पाणीवाटपाचा ३० वर्षांचा करारही १२ डिसेंबरचाच, १९९६ सालचा. त्याची मुदत डिसेंबर २०२६ पर्यंतची आहे. त्याच्या वाटाघाटींच्या टेबलावर कांदाही असावा, ही मागणी या दोन तालुक्यांतून गेली पाहिजे. वार्षिक कोटा लेखी, बंदीपूर्वी तीन महिन्यांची सूचना, आणि कोट्याचा माल खर्चाला धरून ठरलेल्या भावाने थेट शेतकऱ्याकडून. मंचर आणि जुन्नरच्या बाजार समित्यांनी तसे ठराव करावेत. तालुक्याच्या कार्यकर्त्यांनी ते करवून घ्यावेत. उन्हाळी कांदा बराखीत पडायच्या आत हे ठराव दिल्लीला पोहोचावेत.