बॅरिस्टर डेव्हिड एरुलकर यांचे स्मरण



आपल्या सिनेगॉगच्या वर्धापनदिनी आपण संस्थापकांची व देणगीदारांची नावे आदराने घेतो. त्याच आदराने आज आम्ही बॅरिस्टर डेव्हिड एरुलकर यांचे नाव घेत आहोत.

सन १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांनी बेळगाव व अहमदनगर येथे होमरूलवर भाषणे केली. त्यांत राजद्रोह आहे असे ठरवून पुण्याच्या मॅजिस्ट्रेटने वर्षभराच्या चांगल्या वर्तणुकीसाठी त्यांच्याकडे २०,००० रुपयांचा जातमुचलका आणि प्रत्येकी १०,००० रुपयांचे दोन जामीन मागितले. हायकोर्टात टिळकांतर्फे बॅरिस्टर जिना उभे राहिले व त्यांच्यासोबत आपले एरुलकर होते. ९ नोव्हेंबर १९१६ रोजी हायकोर्टाने तो हुकूम रद्द केला.

त्या काळी आपल्या कितीतरी घरांची चूल सरकारी नोकरीवर पेटत होती. कोणी पलटणीत, कोणी रेल्वेत, कोणी कचेरीत. अशा लहानशा समाजातील वकिलाने सरकारविरुद्ध उभे राहणे सोपे नव्हते.

पुढे ते व्यापारात शिरले. सन १९१९ मध्ये स्थापन झालेल्या सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचे लंडनमधील काम त्यांनी पाहिले. ब्रिटिश जहाज कंपन्यांच्या मक्तेदारीशी झगडणारी ही देशी कंपनी. धंदा बदलला, पण बाजू तीच राहिली.

आपल्या बहुतेक नातवंडांना मराठी वाचता येत नाही. तेव्हा ही हकीकत त्यांना हिब्रूत सांगा, पण जरूर सांगा, एवढीच आमची विनंती.