प्रश्न विचारणे ही बेअदबी नव्हे

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात ठाकुर्ली येथे केलेले भाषण)



मला ‘धर्म आणि शिक्षण’ या विषयावर बोलण्यास सांगण्यात आले आहे. मी आलिम नाही. बी.ए., बी.एड. झालेला एक साधा शिक्षक आहे. वर्गात मी मुलांना रोज एक गोष्ट सांगतो : समजले नाही तर हात वर करा आणि विचारा. शाळेत शिकवलेली ही गोष्ट शाळेबाहेर पडताच आपण का विसरतो, एवढ्यापुरतेच मी आज बोलणार आहे.

प्रथम माझ्या स्वतःच्या चुकीची हकिकत सांगतो. काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका वस्तीत राहत होतो. तेथे रात्री वाज झाला. बाहेरून आलेल्या वक्त्यांनी सांगितले की मुलीला सातवीपुढे शाळेत पाठविणे म्हणजे तिचा दीन बिघडविणे होय. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. इल्म मिळविणे हे फर्ज आहे, हे मला ठाऊक होते. उठून विचारावे असे मनात आले. पण मोहल्ला काय म्हणेल, या भीतीने मी बसून राहिलो.

आठवड्याभरात एक पालक शाळेत आले. त्यांची मुलगी आठवीत, गणितात वर्गात पहिली. त्यांनी शाळा सोडल्याचा दाखला मागितला. तो दाखला मीच लिहिला. ‘शाळा सोडण्याचे कारण’ या रकान्यात ‘पालकांची विनंती’ असे मी माझ्या हाताने लिहिले. ते खरे कारण नव्हते, हे मला माहीत होते. पुढे कळले की त्या वक्त्यांची स्वतःची मुलगी दुसऱ्या शहरात कॉलेजात शिकत होती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण मी कितीदा फळ्यावर लिहिली असेल. तिचा अर्थ मला त्या दिवशी समजला. त्या वक्त्यांचा दोष मोठा खरा, पण माझ्या मौनाचा दोषही लहान नव्हता.

बंधूंनो, आपल्या इतिहासात असे मौन शिकविलेले नाही. हजरत उमर यांनी मिंबरवरून मेहेरच्या रकमेवर मर्यादा घालण्याची गोष्ट काढली, तेव्हा एका स्त्रीने त्यांना कुराणाची आठवण करून दिली आणि उमर यांनी आपले म्हणणे मागे घेतले, असा प्रसंग आपण सर्वांनी ऐकला आहे. हजरत अबू बक्र यांनीही खलिफा होताच लोकांना सांगितले होते की, मी चुकलो तर मला सरळ करा. खलिफाला विचारता येत होते. मग आपल्या मोहल्ल्यातील मोठ्या माणसाला का विचारता येऊ नये?

आता जवळचे उदाहरण घेऊ. हमीद दलवाई हे आपल्या कोकणातलेच. चिपळूणजवळच्या मिरजोळी गावी 1932 साली त्यांचा जन्म झाला. 18 एप्रिल 1966 रोजी त्यांनी मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेला. त्यात होत्या फक्त सात मुस्लिम भगिनी. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद व्हावे, ही त्यांची मागणी होती. 22 मार्च 1970 रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले आणि 3 मे 1977 रोजी, वयाच्या अवघ्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, दलवाई वारले. धर्माविषयी त्यांची सर्व मते आपल्याला पटतील असे नाही; मलाही सगळी पटत नाहीत. परंतु त्या सात भगिनींच्या प्रश्नाला आपण काय उत्तर दिले?

एका दमात तीन तलाक देणे गुनाह आहे, असे हनफी आलिम पूर्वीपासून सांगत आले. पण दिला तर तो लागू होतो, असेही तेच सांगत. म्हणजे गुनाह पुरुषाचा आणि शिक्षा बाईला! अखेर शायरा बानो या भगिनीच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने 22 ऑगस्ट 2017 रोजी, तीन विरुद्ध दोन मतांनी, ही प्रथा रद्द केली. त्याच वर्षी मे महिन्यात मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने न्यायालयाला लिहून दिले होते की, निकाहाच्या वेळी वराने असा तलाक देऊ नये असा सल्ला देण्यास काझींना सांगण्यात येईल. चांगली गोष्ट. पण हा सल्ला 1966 साली देता आला नसता का? मधल्या 51 वर्षांत किती घरे मोडली, याचा जाब कोणी कोणाला विचारला?

विचारणाऱ्याला त्रास होतो, हेही खरे. असगर अली इंजिनियर हे बोहरा आमिलाचे पुत्र, मुंबई महापालिकेत अभियंता. आपल्या जमातीच्या धर्मप्रमुखांच्या अमर्याद अधिकाराबद्दल त्यांनी प्रश्न केले आणि बहिष्कार सोसला. तरीही 2013 साली मृत्यू येईपर्यंत ते कुराणाच्याच आधाराने बोलत राहिले. जमातीबाहेर टाकण्यावर बंदी घालणारा मुंबईचा 1949 चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने 1962 साली रद्द केला होता. आज मात्र महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध 2016 चा कायदा आहे. तेव्हा भीतीचे एक कारण तरी कमी झाले आहे.

माझ्या बोलण्याचा गैरसमज होऊ नये. तुटपुंज्या पगारात इमानदारीने मुलांना शिकविणारे किती तरी मौलवी मी पाहिले आहेत. कित्येकदा इमामसाहेबांना खरे बोलावेसे वाटते. पण पगार देणारे विश्वस्त समोरच बसलेले असतात! म्हणून प्रश्न केवळ मौलवींना नको. तो विश्वस्तांना विचारा, आम्हा शिक्षकांना विचारा, या संस्थेलाही विचारा. स्मरणिकेत जमाखर्च छापतात तो वाचण्यासाठीच. समाजाचा पैसा ही अमानत आहे. आणि पालकांनो, घरी जाऊन स्वतःलाही विचारा. हुंड्याविरुद्धचे भाषण ऐकून मान डोलविणारे आपण मुलाच्या लग्नात काय करतो?

विद्यार्थी मित्रांनो, विचारण्याचीही रीत असते. आधी स्वतः वाचा; अर्थ समजेल अशा भाषेत वाचा. मग उभे राहून, सलाम करून, आवाज न चढविता विचारा : “हजरत, याला आधार कोणता? आणि हा नियम सर्वांना सारखाच आहे ना?” एवढे पुरे. खऱ्या आलिमाला अशा प्रश्नाचा राग येत नाही. उत्तर बरोबर निघाले, तर आपली चूक तितक्याच मोकळेपणाने कबूल करा.

ती मुलगी आज कोठे आहे, मला ठाऊक नाही. परंतु त्यानंतर मी ठरविले आहे की, मुलीचा दाखला मागण्यास कोणी आले तर आधी त्यांना बसवायचे, पाणी द्यायचे आणि खरे कारण विचारायचे. आतापर्यंत दोन पालक दाखला न घेता परत गेले आहेत.