पेशीतील कातरकाम आणि थॅलेसेमिया



मी भाषेचा शिक्षक. विज्ञानाच्या विषयावर बोलायला उभा राहिलो याचे काहींना नवल वाटेल. परंतु मजकुरातील नको तो भाग काढून उरलेला नीट जोडणे हे माझे वर्गातले रोजचे काम आहे, आणि नेमके हेच काम आपल्या शरीरातील पेशी रात्रंदिवस करीत असतात.

कोणते प्रथिन कसे बनवावे, याचा मजकूर पेशीच्या केंद्रकात डीएनएवर लिहिलेला असतो. मूळ दप्तर तलाठ्याकडे राहते आणि आपल्याला त्याची नक्कल मिळते. तसेच येथे आहे. ही नक्कल म्हणजे आरएनए. ती केंद्रकाबाहेर जाते आणि तिच्याबरहुकूम प्रथिन तयार होते. पूर्वी समजूत अशी होती की, नक्कल मुळाशी अक्षरशः जुळत असणार. १९७७ साली फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांनी एका विषाणूचा अभ्यास करताना स्वतंत्रपणे दाखवून दिले की, जनुकातील मजकूर सलग नसतो. कामाच्या मजकुरात मध्येच बिनकामाचे पट्टे असतात. आधी सगळ्याची नक्कल होते, मग पट्टे कापून टाकले जातात आणि उरलेले तुकडे जोडले जातात. या शोधाबद्दल दोघांना १९९३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्या रक्ताचेच उदाहरण घ्या. हिमोग्लोबिनची जी बीटा नावाची साखळी आहे, तिचे जनुक सुमारे १६०० अक्षरांचे. त्यात कामाचे तुकडे तीन आणि मधले पट्टे दोन. पहिला १३० अक्षरांचा, दुसरा सुमारे ८५०. म्हणजे निम्म्याहून अधिक मजकूर कापून फेकला जातो! शिवाय नक्कल वाटेत झिजू नये म्हणून तिच्या आरंभी एक टोपी बसते आणि शेवटी एकाच अक्षराची लांब शेपटी जोडली जाते.

कातर कुठे लावायची हे कसे कळते? बहुतेक प्रत्येक पट्टा जी-यू या अक्षरांनी सुरू होतो आणि ए-जी ने संपतो. आसपासची काही अक्षरेही ही खूण पक्की करतात. लहान लहान आरएनए आणि प्रथिने मिळून एक यंत्रणा बनते, ती या खुणा ओळखून कापते. कधी पेशी मुद्दाम वेगळ्या तऱ्हेने कापते. एकाच जनुकापासून कंठग्रंथीत कॅल्सिटोनिन हे संप्रेरक बनते आणि मज्जापेशींत दुसरेच द्रव्य. मनुष्याचे काम सुमारे वीस हजार प्रथिन-जनुकांवर भागते, त्याचे एक कारण हे आहे.

पण काप अचूक पाहिजे. आरएनए तीन-तीन अक्षरांनी वाचला जातो. मुलांनो, ‘कमल पवन नयन’ यातला पहिला ‘म’ गाळा आणि पुन्हा तीन-तीन अक्षरे वाचा. ‘कलप वनन यन’! एक अक्षर गेले आणि पुढचे सगळे वाक्य गेले.

आता पालकांशी बोलतो. भारतात बीटा थॅलेसेमियाचा जो दोष सर्वांत अधिक आढळतो, तो या कापाच्या खुणेतलाच आहे. पहिल्या पट्ट्यातील पाचवे अक्षर जी असावयाचे, तेथे सी येते. बस, एवढेच. कातर खरी जागा चुकते, भलतीकडे कापते, आणि बीटा साखळी फारच थोडी बनते.

प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. एकच सदोष असेल तर तो मनुष्य वाहक. एरवी धडधाकट, फार तर रक्त जरा कमी. मात्र दोघे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता अशी की, मूल थॅलेसेमियाचे असेल. ‘एक आजारी झाले, आता पुढची तीन चांगली होतील’ हा हिशेब चुकीचा आहे. दर वेळी फासा नव्याने पडतो. त्या मुलाला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते, आणि त्यातून अंगात साठणारे लोह काढायला औषध, तेही जन्मभर.

हा आजार सर्व समाजांत आहे. पण आपल्याकडे चुलत, मामे, मावस भावंडांत सोयरीक होते, आणि एकाच आजोबांची सदोष प्रत दोन्ही बाजूंनी येण्याचा संभव तेथे वाढतो. इराणमध्ये १९९७ पासून विवाहापूर्वी ही तपासणी सक्तीची आहे. आपण निदान बोलणी पक्की होण्यापूर्वी स्वतःहून का करू नये? आणि तपासणी मुलीचीच मागू नका, मुलाचीही करा. दोष बाळंतिणीच्या माथी मारण्याची आपली जुनी खोड आहे. वाहक मुलीला नाकारण्याचेही कारण नाही. नवरा वाहक नसेल तर त्यांचे कोणतेही मूल या आजाराचे होत नाही, काही मुले फक्त वाहक होतील.

तपासणी साधी आहे. प्रथम रक्ताची नेहमीची मोजणी. तांबड्या पेशी आकाराने लहान दिसल्या तर हिमोग्लोबिन ए-टू चे प्रमाण पाहतात. ते साडेतीन टक्क्यांहून अधिक असले तर मनुष्य बहुधा वाहक असतो. लोहाची कमतरता असेल तर हा आकडा खाली दिसू शकतो. अशा वेळी डॉक्टर लोहाच्या गोळ्या देऊन पुन्हा तपासायला सांगतात. आणि नुकतेच रक्त चढवले असेल तर ते आधी सांगावे, कारण मग तपासले जाते ते दुसऱ्याचे रक्त.