मायना, मजकूर आणि 'सीसी'



"कॉम्प्युटरमधलं काहीतरी बोल, पण सगळ्यांना कळेल असं," अशी संयोजकांची सूचना आहे. म्हणून मी ई-मेलवर बोलते. आम्ही दिवसभर प्रोग्रॅम लिहितो असा लोकांचा समज आहे. खरं तर बराचसा वेळ मेल वाचण्यात जातो.

नेटवर्कवरून पहिला ई-मेल रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये पाठवला. त्याचे नियम मात्र आपण इथेच, मराठीच्या तासाला शिकलो. प्रति, विषय, संदर्भ, महोदय. माझ्या टीममधली मुलं विषयाच्या जागी नुसतं 'अर्जंट' लिहितात. काय अर्जंट? 'शुक्रवारच्या रिलीजला बुधवारपर्यंत मंजुरी हवी' असं लिहिलं, तर मेल न उघडताच काम कळतं.

दुसरी गंमत 'प्लीज रिव्हर्ट'ची. आपल्या ऑफिसांत याचा अर्थ 'कृपया उत्तर द्या'. प्रोग्रॅमरच्या भाषेत मात्र रिव्हर्ट म्हणजे केलेला बदल मागे घेणे. गिटमध्ये त्या नावाची कमांडच आहे. परदेशातला सहकारी बुचकळ्यात पडतो, की उत्तर द्यायचं का कालचं काम काढून टाकायचं! सरळ 'रिप्लाय' लिहावं.

पण मला खरं बोलायचंय ते सीसीबद्दल. सीसी म्हणजे कार्बन कॉपी. टाइपरायटरवर दोन कागदांमध्ये घालायचा तो कार्बन गेला, नाव राहिलं. गेल्या वर्षी आमच्याकडे तालुक्याच्या गावातून, मराठी माध्यमातून आलेली एक मुलगी रुजू झाली. मेलची सुरुवात 'रिस्पेक्टेड सर' अशी करायची, म्हणून बाकीचे हसायचे. आमच्याकडे सगळ्यांना नावाने हाक मारतात, एवढं तिला सांगितलं असतं तर पुरे होतं. एकदा तिच्या कोडमध्ये चूक निघाली. एका सीनियरने तिला मेल केला आणि सीसीत मॅनेजर, मॅनेजरचे साहेब आणि क्लायंटसुद्धा! चूक दहा मिनिटांत दुरुस्त झाली. मुलगी मात्र पुढे कित्येक आठवडे मीटिंगमध्ये तोंड उघडेना.

मी त्याला कँटीनमध्ये गाठलं. म्हटलं, "तिचं टेबल तुझ्यापासून चार पावलांवर आहे." तो म्हणाला, "प्रोसेस आहे." (हा शब्द आला की माणूस आपली जबाबदारी झटकतोय असं खुशाल समजावं.) मी त्याला आपल्या बाईंचं सांगितलं. त्या चुकांची वही ज्याची त्याच्या हातात द्यायच्या, वर्गात कधी वाचून दाखवली नाही. त्यानंतर त्याने तिला स्वतः जाऊन काय चुकलं ते समजावलं. हळूहळू ती पुन्हा प्रश्न विचारू लागली.

रागाच्या भरात मेल लिहायचाच असेल, तर 'प्रति'ची जागा रिकामी ठेवून लिहा. जीमेलमध्ये पाठवलेला मेल मागे घ्यायला जास्तीत जास्त ३० सेकंद मिळतात. सेटिंगमध्ये ५ असतील तर वाढवून घ्या.

आपल्यापैकी काहींची मुलं आता नोकरीला लागतायत. त्यांचे मेल दाखवायचे असतील तर जेवणाच्या वेळी मी इथेच आहे.