अंध बालकांचे गणित व विज्ञान
(प्रतापगड येथील शिक्षक-संमेलनात दिलेले भाषण)



सेवेच्या आरंभी माझ्या वर्गात एक अंध मुलगा होता. गणिताच्या तासाला मी त्यास बाहेर ओट्यावर बसवीत असे, आणि त्यास दया म्हणत असे. वस्तुतः तो माझा आळस होता. एके दिवशी त्याने एकोणतीसचा पाढा घडाघडा म्हटला. बाहेर बसून ऐकूनच तो त्याने पाठ केला होता. मग त्याने विचारले, “गुरुजी, भागाकार फळ्यावरच असतो काय?” मजजवळ उत्तर नव्हते.

उत्तर फार पूर्वीच सिद्ध झालेले होते. लुई ब्रेल यांच्या सहा टिंबांतून 63 चिन्हे होतात; पहिल्या दहा अक्षरांपूर्वी अंकचिन्ह दिले की तेच अंक. उच्च गणिताची चिन्हलिपी अब्राहम नेमेथ या जन्मांध गणितज्ञाने 1952 साली प्रसिद्ध केली. उभ्या मांडणीसाठी टेलर पाटी आहे. तिच्या अष्टकोनी छिद्रांत धातूचा खिळा बसवितात. तो आठ दिशांनी फिरविला की आठ चिन्हे, आणि उलटा बसविला की आणखी आठ. हातचा कोठे गेला हे बोटांना कळते.

पाटी हाती नसेल तर काड्यांच्या जुड्यांनी दशक-एकक शिकवावे. परिमिती शिकविण्यास धानाची बांधी आहेच. धुऱ्यावरून मुलाचा हात धरून पावले मोजीत फिरावे. सायकलच्या जुन्या ट्यूबवर कागद ठेवून टोकदार लेखणी दाबली की मागील बाजूस रेघ उठते. आकृती मात्र उलटी काढावी लागते, हे मी चुकूनच शिकलो.

विज्ञानात तर पाहण्याखेरीज पुष्कळ आहे. भिजलेल्या पावट्याचा कोंब बोटांस लागतो, चुंबकाची ओढ हातास जाणवते, पाणी उकळू लागल्याचे कानास कळते.

मात्र एक सवय सोडावयास हवी. फळ्याकडे बोट करून आपण म्हणतो, “यात हे मिळवा, म्हणजे ते येईल.” त्या मुलास यातून काय मिळाले? “सव्वीसमध्ये सतरा मिळवा” असे स्पष्ट उच्चारावे. डोळस मुलांचाही त्यात लाभच आहे.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सहा ते अठरा वर्षांच्या अशा बालकास जवळच्या शाळेत विनामूल्य शिक्षणाचा हक्क दिलेला आहे. म्हणजे तो आपल्याच वर्गात येणार.

समोरील मेजावर ट्यूबवर उठविलेल्या काही आकृत्या ठेवल्या आहेत. प्रत्येकाने डोळ्यांस रुमाल बांधून त्यांतील काटकोन त्रिकोण शोधावा. घाई करू नये; मला पहिल्या खेपेस बराच वेळ लागला होता.